मैदानाचा तास मैदानालाच द्या

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील मुख्याध्यापक, शिक्षक, शिक्षण विभागाचे अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शारीरिक शिक्षण हा विषय शाळेत आहे, वेळापत्रकात त्याचे तास आहेत, तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या क्रीडा स्पर्धा दरवर्षी भरतात. मग त्यावर आज वेगळे बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. प्रयोजन एवढेच की, वेळापत्रकात लिहिलेला तास आणि मुलांच्या अंगी उतरलेला व्यायाम या दोहोंत फार मोठे अंतर पडले आहे. हे अंतर कमी करणे हे आपणां सर्वांचे काम आहे, आणि ते आपल्या आवाक्यातले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे जोरकस व्यायाम करावेत. प्रत्यक्ष स्थिती काय आहे? १४६ देशांतील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ते १७ वयोगटातील शंभरांपैकी ८१ मुले ही किमान मर्यादा गाठत नाहीत, असे त्यात आढळले. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के होते. हा प्रश्न केवळ श्रीमंत देशांचा किंवा मुंबई-पुण्याचा नाही.

खानदेशचा वारसा

या विषयाचे खानदेशशी जुने नाते आहे. योगविद्येचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणारे आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यास प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे धडे घेतले, आणि त्यानंतर ते अध्यापक म्हणून आले ते अमळनेरला. खानदेश शिक्षण मंडळाच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. सर्वसामान्य विद्यार्थ्याचे शरीर आणि मन एकत्र घडले पाहिजे, या विचाराला आपल्या भूमीत असा आधार लाभला होता.

पुढे १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांकडे होते. १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी शासकीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. या सर्व प्रयत्नांचा रोख मोजके मल्ल किंवा खेळाडू तयार करण्याकडे नव्हता. वर्गातील प्रत्येक मुलाला रोज व्यायाम मिळावा, हा त्यामागील हेतू होता. आज आपणांस नवे काही शोधून काढायचे नाही. हा हेतू पुन्हा नजरेसमोर आणावयाचा आहे.

स्पर्धा म्हणजे व्यायाम नव्हे

आपल्या शाळांत खेळांची उपेक्षा होते, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. कबड्डी, खो-खो, कुस्ती या खेळांचे संघ शाळा परिश्रमपूर्वक तयार करतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते, याचा आपणांस अभिमान आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे क्रीडा गुणही मिळतात. परंतु पाचशे विद्यार्थ्यांच्या शाळेतून स्पर्धेत किती उतरतात? चाळीस, फार तर पन्नास. उरलेली साडेचारशे मुले टाळ्या वाजवितात. आरोग्याच्या दृष्टीने आपली चिंता या साडेचारशे मुलांची आहे.

एका दिवसाच्या उपक्रमांचेही असेच आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातील दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा, असा उपक्रम शासनाने राबविला. २०१९ पासून ‘फिट इंडिया’ चळवळीखाली शाळाशाळांत सप्ताह साजरे होतात. उत्साह निर्माण होण्यासाठी अशा दिवसांचे महत्त्व आहेच. पण शरीर घडते ते सवयीने. एक दिवस पोटभर जेवून महिनाभर उपाशी राहणाऱ्याचे पोषण होत नाही, तसेच हे आहे.

उपक्रम कोठे अडतात

शाळांतून राबविलेल्या अशा उपक्रमांचा प्रत्यक्ष उपयोग किती होतो, याचाही जगभर अभ्यास झाला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणात ८९ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. उपक्रमामुळे मुलांच्या रोजच्या मध्यम ते जोरकस हालचालीत सरासरी एका मिनिटाचीही भर पडली नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष निराश करणारा वाटेल; परंतु प्रशासनात काम करणाऱ्यांनी तो नीट वाचला पाहिजे. परिपत्रक निघाले, साहित्य पोहोचले, अहवाल भरला, एवढ्याने मूल धावत नाही, हाच त्याचा आपल्यापुरता अर्थ आहे.

याची कारणे आपल्या शाळांत शोधू. पहिले कारण, मैदानाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. दहावीचा वर्ग असेल तर मैदान जवळजवळ बंदच होते. शिक्षकाचा हेतू चांगला असतो, पालकांचाही आग्रह असतो. परंतु शारीरिक शिक्षणाला वेळ दिल्याने अभ्यासाचे नुकसान होत नाही, असेच या विषयावरील अभ्यास सांगतात. उलट हालचालीनंतर मुलांचे लक्ष अधिक लागते.

दुसरे कारण, तास झाला तरी मुले उभीच असतात. साधा हिशेब करू. चाळीस मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि लांब उडीचा एकच खड्डा. एका उडीला अर्धा मिनिट धरले तरी सत्तर उड्या होतात. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला दोन उड्याही येत नाहीत. व्हॉलीबॉलचा एक चेंडू असेल तर बारा मुले खेळतात आणि अठ्ठावीस बघतात. त्याऐवजी दहा-दहा मुलांचे चार गट करून लंगडी, लगोरी, शिवणापाणी, आट्यापाट्या असे खेळ लावले, तर तोच तास सर्वांच्या वाट्याला येतो. या खेळांना खडू, ठिकऱ्या आणि एखादा कापडी चेंडू पुरतो. अहिराणीत, तावडीत किंवा पावरीत एखाद्या खेळाचे नाव वेगळे असेल; मुलांना खेळ ठाऊक असतो.

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये एक साधी गोष्ट सुरू केली. रोज पंधरा मिनिटे सर्व मुलांनी आहे त्या कपड्यांत, आपापल्या गतीने मैदानाभोवती चालावे किंवा धावावे. स्पर्धा नाही, गुण नाहीत, साहित्य नाही. ही पद्धत पुढे अनेक देशांतील शाळांनी उचलली. तिच्यात आपल्याला न जमणारे असे काय आहे?

मुली मैदानाबाहेर का जातात

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. चौथी-पाचवीपर्यंत मुलगी मुलाच्या बरोबरीने पळते. सातवी-आठवीनंतर ती मैदानाच्या कडेला बसू लागते आणि नववीत दिसेनाशी होते. हे आळसामुळे होत नाही. घरचे पाणी, धाकटी भावंडे, स्वयंपाक आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी कापसाची वेचणी यांत तिचा दिवस जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींची तर शाळाच मध्ये तुटते.

“आमच्या मुली शेतात राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला?” असे विचारले जाते. तासन् तास वाकून कापूस वेचणे हे कष्ट आहेत. त्यात थकवा आहे. पण धावण्या-उड्यांतून हृदयाला, फुप्फुसांना आणि वाढत्या हाडांना जी चालना मिळते, ती नाही. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या बळकटीचा मोठा हिस्सा याच वयात जमा होतो. शिवाय मैत्रिणींसह मोकळेपणाने हसण्या-खेळण्याचा जो आनंद आहे, त्याची भरपाई कष्टाने होत नाही.

पाळीच्या दिवसांची अडचण, स्वच्छतागृहात पाणी नसणे, धावण्यास सोयीचा गणवेश नसणे आणि मैदानाभोवती उभे राहणारे रिकामटेकडे लोक ही कारणे कोणी उघड बोलत नाही; पण मैदान रिकामे करणारी कारणे हीच आहेत. त्यांत रक्तक्षयाची भर पडते. राज्यातील किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे. ज्या मुलीला धाप लागते तिला रागावण्याऐवजी तिची तपासणी करून घ्यावी. शाळेत दर आठवड्याला दिली जाणारी लोहाची गोळी तिने खरोखर घेतली का, हे पाहावे.

आखाजीला आपल्या गावागावांत झोके बांधले जातात आणि माहेरवाशिणी व लेकी मनसोक्त खेळतात. त्या दिवशी कोणी नावे ठेवीत नाही. मुलींनी खेळावे हे खानदेशच्या चालीरीतीला मान्य आहेच. आखाजीची ही मोकळीक शाळेने वर्षभर दिली पाहिजे.

आपल्या हवामानाचा विचार

पुस्तकातील कार्यक्रम जसाच्या तसा येथे चालणार नाही. जळगाव-भुसावळचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. मार्चपासून मैदानी खेळ सकाळी नऊच्या आत संपले पाहिजेत. पिण्याचे पाणी मैदानाजवळ असावे आणि चक्कर, मळमळ, डोकेदुखी यांची तक्रार करणाऱ्या मुलाला तत्काळ सावलीत न्यावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो, तेव्हा व्हरांड्यात सूर्यनमस्कार, आसने, दोरीवरच्या उड्या घेता येतात. मैदानाच्या एका भागावर मुरूम टाकला आणि कडेने कडुलिंब लावला तर पाच-सहा वर्षांत चित्र पालटेल. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि पश्चिमेकडील साक्री या तालुक्यांतील आश्रमशाळांत मुले मुक्कामी असतात. तेथे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मिळतात. ही मोठी अनुकूलता आहे.

प्रत्येकाने काय करावे

साठ मिनिटे एकदम काढण्याची आवश्यकता नाही. शाळेत भरभर चालत किंवा सायकलीने येण्या-जाण्यात वीस मिनिटे, परिपाठात दहा, मधल्या सुट्टीत दहा आणि मैदानाच्या तासाला किंवा शाळा सुटल्यावर तीस मिनिटे, असे सत्तर मिनिटे होतात.

मुख्याध्यापकांना विनंती की, मैदानाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. शिक्षकांनी तासाच्या शेवटी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: आज किती मुले घामाघूम झाली आणि किती बघत बसली? व्यायाम ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये; ज्या मुलाला उठाबशांची शिक्षा मिळते त्याला उठाबशा आयुष्यभर नकोशा होतात. अपंग मुलांना बाजूला बसवू नये, त्यांना झेपेल असा खेळ त्यांच्यासाठी निवडावा.

पंचायत सदस्यांकडे मैदानाची राखण आहे. शिक्षणहक्क कायद्याने, २००९ पासून, शाळेला मैदान असणे हा निकष ठरविला आहे. गावाचे मैदान अतिक्रमणात, उकिरड्यात किंवा लग्नमंडपांत जाऊ नये. ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात मैदानाचे सपाटीकरण, कुंपण, पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह ही कामे नोंदवावीत. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून क्रीडांगण विकासासाठी अनुदानाची योजना आहे, तिचा लाभ घ्यावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. मुलींच्या खेळाचा प्रश्न या माताभगिनींनी बैठकीत मांडला, तर तो टाळणे कोणालाही शक्य होणार नाही.

अधिकारी बंधूंना एवढेच सुचवितो की, समग्र शिक्षा योजनेतून शाळांना मिळणाऱ्या क्रीडा साहित्याच्या अनुदानाची पावती तपासताना साहित्य कपाटात आहे की मैदानावर, हेही पाहावे. शाळा तपासणीत पारितोषिकांची संख्या विचारली जाते. तिच्या बरोबरीने आठवी-नववीच्या किती मुली आज मैदानावर होत्या, हे विचारले जावे. जे विचारले जाते, तेच शाळेत घडते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे.

मित्रहो, यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. तास वेळापत्रकात आहे, मुले शाळेत आहेत, खेळ आपल्या गावात आहेत. वेळापत्रकातला तो तास मुलांना, आणि विशेषतः मुलींना, प्रामाणिकपणे परत देण्याचा निश्चय येथून जाताना आपण करू या.

जय हिंद! जय महाराष्ट्र!