दोन चांदण्यांचे रिव्हॉल्व्हर

गेल्या उन्हाळ्यात फुलंब्रीच्या एका विद्यार्थ्याच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली गेली. त्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत मोटार चालवीत. पेटीत बिल्ले निघाले, पट्टा निघाला आणि एका फडक्यात गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर निघाले. घरच्यांनी मला बोलावले. याचे किती येतील आणि घासून चकचकीत करावे का, असे त्यांचे दोन प्रश्न. हे घरात ठेवता येते का, हे मात्र कोणी विचारले नाही!

मी म्हटले, आधी हात लावू नका. ऐंशी वर्षांच्या गंजातही गोळी असू शकते. आणि घासू तर मुळीच नका. अशा शस्त्राचा सारा इतिहास त्याच्या अंगावरच्या बारीक अक्षरांत असतो. चिंच नि राख लावली की तो गेलाच म्हणून समजा.

आता ही अक्षरे काय सांगतात ते पाहा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना ०.४५५ मापाचे वेब्ली रिव्हॉल्व्हर जड वाटू लागले. म्हणून एनफील्डच्या सरकारी कारखान्याने ०.३८ मापाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. १९३२ साली ते फौजेत आले. रणगाड्याच्या अरुंद पोटात त्याच्या घोड्याचे टोक कुठेतरी अडकायचे. १९३८ साली ते टोक छाटले आणि नावापुढे एक चांदणी उमटली. पुढे युद्धाची घाई. १९४२ साली काम वाचावे म्हणून घोड्याला आतून रोखणारा अडकाव गाळला. झाली दुसरी चांदणी. पण असे रिव्हॉल्व्हर हातून पडले तर आपोआप उडण्याची भीती! युद्ध संपल्यावर बहुतेकांत तो अडकाव परत बसवला. त्यामुळे दुरुस्तीतून सुटलेला नमुना दुर्मिळ, आणि संग्राहक त्याच्यामागे वेडे. चुकीलाच मोल आले म्हणा ना.

असल्या खुणांचा नाद मला लागला तो अनंत कान्हेऱ्यांमुळे. ते आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात शिकलेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला त्यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून अशी वीस पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर चोरकप्प्याच्या पेटीतून पाठवली होती. नाशिकच्या एका नाटकगृहात सुरू झालेला तपास त्या हत्याराचा माग काढीत थेट लंडनला पोचला. शस्त्राला गाव असते, वाट असते, ती अशी.

परदेशात लोक असले प्रकार कपाटात मांडतात. आपल्याकडे ते जमणारे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि फौजी मापाची बरीच पिस्तुले तर प्रतिबंधितच. मला यात अन्याय वाटत नाही. माझा संग्रह वहीत आहे: छायाचित्रे, खुणा, साल. तेवढ्याने माझे भागते.

पण त्या घराचे काय? आजी म्हणाल्या, "सर, सासऱ्यांची वस्तू पोलिसांत द्यायची? केस लागली म्हंजे?" विद्यार्थ्याच्या चुलत्यांना तर ते मुकाट्याने विहिरीत टाकावे असे वाटत होते. रात्री दहापर्यंत वाद चालला. शेवटी मी सोबत जायचे कबूल केले, तेव्हा अर्ज लिहिला गेला. पोलीस घरी आले. जमादारांनी बेताने चक्र उघडले. रिकामे होते. मग त्यांनी मला बॅटरी धरून पाहू दिले. गंजाखाली १९४२ दिसले, आणि पुढे दोन चांदण्या.

आतला अडकाव आहे की नाही, हे खोलल्याशिवाय कळायचे नाही. आणि खोलण्याचा अधिकार ना मला, ना जमादारांना. ते निकामी करून एखाद्या संग्रहालयात द्यावे, असा दुसरा अर्ज आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे केला आहे. नाही तर ते वितळवलेही जाईल. पंचनामा झाल्यावर आजींनी ते फडके तेवढे परत मागून घेतले.