चौदा वर्षांचा हिशेब
(हथखोज, भिलाई येथील सभेतील भाषण)



टपाल कामगारांचा संप १९४६ मध्ये, केंद्रीय कर्मचाऱ्यांचा १९६० मध्ये, रेल्वेचा १९७४ मध्ये. दर चौदा वर्षांनी नवी पिढी उठते, असे कुणालाही वाटेल. पण १९ सप्टेंबर १९६८ चा एक दिवसाचा संप या हिशेबात बसत नाही आणि १९७४ सारखा संप १९८८ मध्ये झाला नाही. लढे पंचांग पाहून होत नाहीत.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. पोलाद कारखान्यात कायम नोकऱ्या मिळाल्या. भोवतालच्या छोट्या कारखान्यांत मात्र ठेकेदारी आली. त्या कामगारांना शंकर गुहा नियोगी यांनी संघटित केले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचा खून झाला. तरी १ जुलै १९९२ रोजी कामगार पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसले आणि त्यांनी गोळ्या झेलल्या.

आपल्यातही फूट आहे. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. एकाच टपाल कचेरीत, एकाच स्टेशनात दोन पिढ्या शेजारी बसतात. ‘पुढची पिढी लढेल’ हे भाकीत नव्हे, पळवाट आहे. ज्येष्ठांनो, तरुणांची मागणी आजच आपली माना.

कामगार एकजुटीचा विजय असो!