एंजिनाची नाडी कोठें पाहावी?

वैद्य नाडी पाहतो ती मनगटापाशीं, अंगरख्यावरून नव्हे. जुन्या मोटारीला नवा संगणक-नियंत्रक, म्हणजे ईसीयू, बसविणाऱ्या हौशी कारागिरानेंहि हें ध्यानीं धरावें. या नियंत्रकाला डोळे नसतात. दट्ट्या या क्षणीं कोठें आहे, हें त्याला एक लहानसा सेन्सर सांगतो. त्या साक्षीवर विसंबून तो सिलिंडरांत ठिणगी पाडतो. साक्ष खोटी असली तर ठिणगी वेळेआधीं पडते, एंजिनांत ठोके बसूं लागतात आणि अखेर दट्ट्याचा माथा वितळूं शकतो.

सेन्सरासाठीं सर्वांत सोपी जागा म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. मुंबईच्या रस्त्यांवर एके काळीं सर्वत्र दिसणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या एंजिनावर तो असे. फिरणारा दांडा तयार, खर्चहि थोडा. परंतु हा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरतो. त्याच्या एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. शिवाय क्रँकची गति तेथवर पोहोंचते ती साखळीच्या वा पट्ट्याच्या आणि दंतचक्रांच्या मार्गानें. त्यांचा ढिलेपणा साक्षींत मिसळतो. ही तिऱ्हाइताच्या तोंडून आलेली बातमी होय.

खरें मनगट म्हणजे क्रँक. त्याच्या पुढील टोकास ३६ दात्यांच्या जागा असलेलें, पण एक दाता उणा ठेवलेलें चाक बसवितात. दर दहा अंशांस एक दाता, आणि रिकामी जागा ही ओळखीची खूण. मात्र कांहीं पुल्यांचें बाहेरील कडें रबरानें जोडलेलें असतें. रबर जुनें झालें कीं कडें सरकतें. म्हणून चाक आंतील तुंब्याशींच जोडावें. फ्लायव्हीलच्या बाजूस क्रँकचा पीळ कमी जाणवतो, पण तेथें काम करणें अवघड.

सेन्सर चाकाच्या परिघाकडे तोंड करून बसवावा. क्लच दाबतांच क्रँक किंचित् पुढेंमागें सरकतो. बाजूनें बसविलेल्या सेन्सराचें अंतर त्यामुळें बदलतें. आधारपट्टी जाड असावी व ती पत्र्याच्या झांकणावर नव्हे, एंजिनच्या ठोकळ्यावरच आवळावी. मिनिटाला ६,००० फेरे घेणारा क्रँक एक अंश ओलांडतो तो सेकंदाच्या ३६,००० व्या भागांत. तेथें पट्टीचें थरथरणें परवडत नाहीं. तारा ठिणगीच्या तारांपासून दूर न्याव्या.

मग डिस्ट्रिब्यूटर निरुपयोगीच काय? नाहीं. चार ठोक्यांच्या चक्रांत क्रँक दोनदां फिरतो. त्यांतला फेरा दाबाचा कीं धूर बाहेर टाकण्याचा, हें क्रँकला सांगतां येत नाहीं. तें सांगण्यापुरता दुसरा सेन्सर तेथें शोभतो. अंश क्रँकला विचारावा, फेरा कॅमला.

शेवटीं ठिणगीचा अंश नियंत्रकांत स्थिर करून, टायमिंगच्या दिव्याच्या प्रकाशांत पुलीवरील खूण तपासावी. मंद गतीस व वेगांतहि ती जागच्या जागीं दिसली, तरच नाडी बरोबर सांपडली असें समजावें. तोंवर गाडी रस्त्यावर काढूं नये.