पर्यावरणाचा पैसा : गावापर्यंतची वाट

(पिंगुळी, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग येथे ग्रामस्थ व महिला बचत गटांच्या सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हवामानबदल हा शब्द वर्तमानपत्रातून आपल्या घरात आला, परंतु त्या शब्दामागील अनुभव घरात आधीपासूनच होता. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात वैशाखात विहिरी तळ गाठतात. जांभ्याचा कातळ पाणी जितक्या तत्परतेने पितो, तितक्याच तत्परतेने ते सोडून देतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आंब्या-काजूच्या बागांचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून आजचा विषय दूरचा नाही. या कामांसाठी सार्वजनिक पैसा असतो का, तो कोठून निघतो आणि पिंगुळीसारख्या गावापर्यंत कोणत्या वाटेने येतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

‘सगळी सूत्रे मुंबईत’ असे आपण सहज म्हणून जातो. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या या गावात, जिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्रीने गौरविण्यात आले, तिथे सूत्र कोणाच्या बोटात असते हे मी सांगणे धाडसाचे होईल. तरीही एक निरीक्षण नोंदवतो. निधीच्या बाबतीत काही सूत्रे मुंबईत, काही दिल्लीत आणि काही त्याहूनही दूर असली, तरी एक सूत्र ग्रामसभेच्या ठरावात असते आणि तेच पुष्कळदा सैल राहते.

प्रथम अगदी दूरचा पैसा घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली स्थापन झालेल्या हरित हवामान निधीने 2018 साली महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी 4 कोटी 30 लाख डॉलरहून अधिक अनुदान मंजूर केले. महाराष्ट्रात कांदळवनांचे संवर्धन आणि त्यावर आधारित उपजीविका हा त्याचा गाभा. आपल्या राज्याने 2012 साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला होता. 2017 साली उपजीविका योजनाही सुरू केली होती. खेकडापालन, कालवपालन, शोभिवंत मासे अशा व्यवसायांना तीत सामूहिक प्रकल्पासाठी 90 टक्के आणि वैयक्तिक प्रकल्पासाठी 75 टक्के शासकीय साहाय्य ठेवण्यात आले. वेंगुर्ल्यात महिला बचत गटाने होडीतून कांदळवन दाखविण्याचा व्यवसाय उभा केला, तो याच काळात. पिंगुळीला समुद्र लागत नाही, तेव्हा हा पैसा थेट आपल्या दारी येणार नाही. परंतु त्यातला धडा आपल्याही कामाचा आहे. ज्या गावांत गट आधीपासून एकत्र होते, ज्यांचे हिशेब लिहिलेले होते, त्यांना योजनेत शिरणे सोपे गेले. योजना आल्यावर गट बांधू म्हणणारे मागे राहिले, आणि ते स्वाभाविकच होते.

आता आपल्या मातीतील पैसा. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला तो 1977 साली. वि. स. पागे यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या या योजनेसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला होता. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम आणि शासनाने घातलेली तेवढीच भर, यांतून खेड्यातील मजुराला काम मिळाले. बांध, तळी, रस्ते, झाडे ही कामे तेव्हा पर्यावरणाची म्हणून कोणी ओळखत नव्हते. 1990 साली याच हमीशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली आणि कोकणातील वरकस जमिनींचे रूप पालटले. उघड्या डोंगरांवर काजू आणि आंब्याची कलमे उभी राहिली. हे यश मोठे आहे. मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उघड्या वरकसावर लावलेला काजू मातीला धरून ठेवतो. जुने मिश्र रान तोडून त्या जागी लावलेला काजू ही बाग खरी, पण त्याला वृक्षलागवड म्हणण्यास माझे मन धजत नाही.

या परंपरेतील जी योजना मला विशेष विचारपूर्वक आखलेली वाटते, ती म्हणजे 2018-19 पासूनची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. तिचे वैशिष्ट्य अनुदानाच्या आकड्यापेक्षा हप्त्यांत आहे. पहिल्या वर्षी 50 टक्के, दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 20. तेही झाडे जगली तर. दुसऱ्या वर्षी 80 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडे जिवंत असली पाहिजेत. एरवी आपल्याकडे पैसा खड्ड्याला मिळतो, रोपाला मिळतो, फलकालाही मिळतो. मे महिन्यात घागरभर पाणी घालणाऱ्या हाताला मिळत नाही. इथे राखणीला मोल आले. इतर लागवडींच्या योजनाही याच धर्तीवर आखल्या गेल्या, तर दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याचा प्रकार कमी होईल, असे मला वाटते.

परंतु हप्त्यांची दुसरी बाजूही आहे. अनुदान बहुधा कामाच्या मागून येते. आधी पदरचे घालायचे, मग पाहणी, मग खात्यात रक्कम. ज्याच्या पदरी काहीच नाही, त्याने काय करावे? बायोगॅसचेच पाहा. देशात 1981-82 पासून बायोगॅससाठी राष्ट्रीय कार्यक्रम राबविला गेला. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत. चूल पेटविण्यासाठी रानातून आणायची लाकडे वाचतात, उघड्यावर कुजणाऱ्या शेणातून हवेत जाणारा मिथेन वायू इंधन म्हणून जळतो आणि उरलेली मळी माडाला, मिरवेलीला पडते. आपल्या शेजारच्या झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने या परिसरात बायोगॅस घरोघर नेण्याचे काम केले आहे, ते जाऊन पाहण्यासारखे आहे. बांधकाम आणि अनुदान यांमधील महिन्यांचे अंतर गरीब कुटुंबाला आपल्या बळावर ओलांडता येत नाही. तिथे बँकेचे छोटे कर्ज अथवा बचत गटाची अंतर्गत उचल, हाच पूल असतो. भगिनींनो, तुमच्या गटांच्या तिजोरीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

सर्वांत जवळचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम बंधित ठेवली होती. निम्मी स्वच्छतेसाठी, निम्मी पिण्याचे पाणी, पाऊसपाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. म्हणजे शाळेच्या छपरावरचे पाणी विहिरीत सोडण्याचे काम हे मागणीपत्राचे नव्हे, आराखड्यात घालण्याचे काम होते. 2020 च्या 2 ऑक्टोबरपासून राज्यात सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानातही भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर गावांचे गुणांकन झाले. तिथे गुण नोंदींना मिळतात. केलेले काम लिहून ठेवलेले नसेल तर ते झालेच नाही असे धरले जाते. हे कटू आहे, पण सार्वजनिक पैशाला दुसरे डोळे नसतात.

आणि काही कामांना पैसा जवळजवळ लागतच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास व्हाळाचा प्रवाह मंदावला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालता येतो. दहा-वीस माणसांचा एका दिवसाचा घाम. पुढच्या पावसात तो वाहून जातो, म्हणून काही मंडळी त्याला हसतात. परंतु जवळच्या विहिरीत तेवढेच चार हात पाणी अधिक टिकते आणि वायंगणीला ओल मिळते.

एक सूचना करून थांबतो. यंदाच्या चैत्र-वैशाखात वाडीवार दोन-दोन विहिरी निवडाव्यात, दर पंधरवड्याला दोर सोडून पाण्याची पातळी मोजावी आणि वहीत तारखेसह लिहावी. शाळेतील मुलेही हे करू शकतील. ती वही घेऊन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या. गावाच्या विकास आराखड्याची चर्चा त्याच सुमारास सुरू होते. कोणत्या व्हाळावर पक्का बंधारा हवा, हे मग कुणाच्या वजनावर ठरणार नाही. अर्ज आणि कागदपत्रांविषयी काही विचारावयाचे असल्यास मी येथेच बसलो आहे.