डोंगर का खचतो? आपण काय जपायचे?



परवा तामलवाडीत बांधाचे काम पाहताना एका आजोबांनी विचारले, "सायेब, माळीणवाणी आपल्याकडं डोंगर खाली यील का?" प्रश्न मोलाचा आहे.

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. एस.टी.चा ड्रायव्हर गाडी घेऊन आला, तर गावच दिसेना! पुढे रायगड जिल्ह्यात २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथेही तसेच घडले.

खडक त्यांचा आणि आपला एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा थरावर थर पसरला, त्याचा काळा पाषाण झाला. काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. विहीर खणताना तो कुणी पाहिलाही असेल. मग फरक कशात? पावसात! सह्याद्रीच्या माथ्यावर शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. त्याने खडक कुजून मातीचा जाड थर होतो. पाणी मुरले की ही माती जड होते, खालच्या खडकावरची पकड सुटते आणि ती उतारावरून घसरते. पायथा कापलेला असेल तर आधारही जातो.

आपल्याकडे पाऊस पंचवीस-तीस इंच. बालाघाटाच्या उतारावर माती पातळ. म्हणून माळीणएवढा धोका नाही. पण गाफील राहू नका. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्याच जिल्ह्यात भूम-परंडा भागात जमिनी खरडून गेल्या. तेव्हा एवढे करा:

१. मुरमासाठी टेकडीचा पायथा उभा कापू नका.
२. उताराखाली घर-गोठा असेल तर वरच्या बाजूस चर काढून पाणी बाजूला काढा.
३. विहिरीतून निघालेला मुरूम काठावर रचू नका. मुरमाचा भाग बांधून घ्या. भर पावसात विहिरीत उतरू नका.
४. बांधाला सांडवा ठेवा. उतारावरचे गवत, झाडे राखा.
५. उताराला नवी भेग पडली, झाडे कलली किंवा एकाएकी गढूळ झरा फुटला, तर आधी माणसे-जनावरे हलवा, मग तलाठ्याला कळवा.

माती पुन्हा भरता येते, माणूस नाही.