बिऱ्हाड कोठें करावें?



नोकरी जेथें तेथें बिऱ्हाड, हा आपल्या मध्यम वर्गाचा जुना नियम. कचेरी मुंबईस असली कीं गिरगांवांत दोन खोल्या पाहावयाच्या आणि पगाराच्या मानानें संसार बेतावयाचा. २०२० सालच्या महामारीनें हा नियम मोडला. संगणकावर काम करणारास कचेरींत बसण्याची गरज नाहीं, हें सर्वांस कळून चुकलें. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यांत एस्टोनिया देशानें अशा परदेशी नोकरदारांकरितां स्वतंत्र व्हिसाच काढला. आतां आपल्याही घरांतील मुलें विचारूं लागलीं आहेत, "पगार आहे तेथूनच येऊं द्या, पण राहावें कोठें?" या प्रश्नाचा हिशेब मांडावयाचा तर वहींत चार रकाने पाडावे लागतील.

पहिला रकाना भाड्याचा. थायलंडमधील चिआंग माइ हें १२९६ सालीं वसलेलें शहर अशा बिऱ्हाडकरूंस प्रिय झालें, तें राहण्याजेवण्याच्या स्वस्ताईमुळें. पोर्तुगालची राजधानी लिस्बन त्याहून पुष्कळ महाग. परंतु न्यूयॉर्कचा पगार घेणारास तीही स्वस्तच वाटते. स्वस्ताई उपजते ती कमाईचें ठिकाण आणि खर्चाचें ठिकाण यांच्यांतील अंतरांतून. कोकणांतील चाकरमान्यास हें गणित ठाऊक होतें. मुंबईस मिळवावें, स्वतः अडचणींत राहावें आणि गांवीं मनीऑर्डर धाडावी. ती मनीऑर्डर आपल्या माणसांकडे जाई. आजचा नोकरदार मात्र पगारासह स्वतःच परक्या गांवीं जाऊन राहतो.

भाड्याच्या कोष्टकांत ऋतुमान नसतें, हेंही ध्यानांत ठेवावें. चिआंग माइ येथें साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत शेतें व रानें पेटविल्याचा धूर दरींत कोंडून राहतो. मॉरिशस बेटांत एकोणिसाव्या शतकांत गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आहेत, तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते, म्हणून आपणांस तें जवळचें वाटेल. परंतु तेथें अन्नधान्याचा मोठा भाग बाहेरून येतो, आणि उन्हाळ्यांत चक्रीवादळांचें भय असतें.

दुसरा रकाना घड्याळाचा. समजा, धनी लंडनचा आहे आणि ऋतु हिवाळ्याचा. तेथें सकाळचे नऊ वाजतात तेव्हां लिस्बनलाही नऊच. मॉरिशसला दुपारचा एक, पुण्यास अडीच आणि चिआंग माइ येथें चार. आठ तासांचें काम तेथें मध्यरात्रीं संपेल. धनी न्यूयॉर्कचा असेल तर तेंच काम रात्रीं नऊस सुरू होऊन पहांटे पांचास आटोपेल. उलट, धनी पुण्याचा आणि कचेरी दहाची असेल, तर लिस्बनकरास हिवाळ्यांत पहांटे साडेचारला उठून बसावें लागेल. समुद्रकिनाऱ्याचें भाडें भरावयाचें आणि किनाऱ्यावर सूर्य असतांना झोपावयाचें, हा व्यवहार स्वस्त म्हणतां येईल काय?

तिसरा रकाना परवान्याचा. थायलंडनें जुलै २०२४ मध्यें पांच वर्षांचा व्हिसा सुरू केला. त्यासाठीं पांच लाख बाट शिल्लक दाखवावी लागे, आणि एका खेपेस १८० दिवस राहतां येई. मात्र एका वर्षांत १८० दिवस भरले कीं माणूस तेथील कराच्या कायद्याखालीं येतो. मॉरिशसनें २०२० सालीं दरमहा १,५०० डॉलर उत्पन्नाची अट घालून एक वर्षाचा व्हिसा विनाशुल्क देऊं केला. पोर्तुगालनें ऑक्टोबर २०२२ पासून अट घातली ती तेथील किमान वेतनाच्या चौपट उत्पन्नाची. २०२५ सालीं तें वेतन ८७० युरो होतें. म्हणजे पाहुण्याची मिळकत निदान ३,४८० युरो हवी.

या चौपटींतूनच चौथा रकाना निघतो, आणि तो कोणत्याच कोष्टकांत नसतो. तो शेजाऱ्याचा. एकाच घरासाठीं ८७० युरोवाला आणि ३,४८० युरोवाला दारांत उभे राहिले, तर किल्ली कोणाच्या हातीं पडेल? लिस्बनची भाडीं चढण्यास पर्यटन, परकीय भांडवल व घरांची टंचाई अशीं अनेक कारणें आहेत; परंतु हें त्यांपैकीं एक आहे. १ एप्रिल २०२३ रोजीं लिस्बनचे नागरिक घरांच्या प्रश्नासाठीं रस्त्यावर आले. मेक्सिको शहरांतही जुलै २०२५ मध्यें अशीच निदर्शनें झालीं.

हें सर्व दूरचें म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. गोव्यास जावयास आपणांस परवाना लागत नाहीं, घड्याळही बदलावें लागत नाहीं. मुंबई-पुण्याच्या पगारावर तेथें घर घेऊन राहणारे आपलेच मुलगे आहेत, आणि पणजी-म्हापशाच्या शिक्षकास वा कारकुनास त्याच घरांचीं भाडीं पगारांतून भरावयाचीं असतात. तेथें चौपटवाले पाहुणे आपण असतों.

तेव्हां मुलांना अडवूं नये. परंतु निघण्यापूर्वीं चारही रकाने त्यांच्याकडून भरून घ्यावे. गांव पाहावें तें त्याच्या वाईट ऋतूंत. आईबापांच्या आजारपणांत तांतडीनें परतावें लागल्यास प्रवासास काय पडेल, तें बाजूस काढून ठेवावें. पर्यटकांसाठीं राखलेल्या घरापेक्षां वर्षाच्या कराराचें बिऱ्हाड करावें, गल्लींतल्या दुकानांतून किराणा घ्यावा आणि तेथील भाषा शिकावी. आपण सामान बांधून निघालों म्हणजे मागें राहणाऱ्या शेजाऱ्यास त्या गल्लींत पूर्वीप्रमाणें राहतां आलें पाहिजे. एवढें साधलें, तर तें बिऱ्हाड खऱ्या अर्थानें परवडलें.