हिरडीतलं रक्त आणि अम्मीची मिश्री

मी सॉफ्टवेअरवाला, दातांचा डॉक्टर नाही. पण अम्मीचे खालचे चार दात एकेक करून हलले, तेव्हा वाचायला लागलो. घासताना रक्त आलं की ती ब्रश बंद करायची. मिश्री मात्र चालूच. नेमकं उलटं!

रक्त येतं ते दातांच्या मुळाशी साचलेल्या चिकट थरामुळे. तो रोज नीट निघाला नाही की कडक होतो, त्याचं कीटण होतं. ते ब्रशने निघत नाही, डॉक्टरकडूनच काढावं लागतं. वेळेत काढलं तर हिरडी बरी होते. आतलं हाड झिजलं की सहसा भरून येत नाही.

‘साफ केल्याने दात हलतात’ असं शहापूर-मुरबाडकडे सर्रास ऐकतो. अहो, ते आधीच सैल झालेले असतात, कीटणाने धरून ठेवलेले. विडी ओढणाऱ्याला रक्त कमीच दिसतं, म्हणून तो निर्धास्त. शुगर असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी शुगर आवरत नाही. अम्मीला दोन्ही होतं.

मिस्वाक करत असाल तर जरूर करा, फक्त हिरडीच्या कडेने हळू फिरवा.

रमजानमध्ये अम्मीने मिश्री सोडली. ईदनंतर डबी पुन्हा खिडकीत दिसली. सध्या ती माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे.